रस्त्याचे कान

पडद्यावर अजून कुणी दिसत नव्हतं. नुसता काळोख होता आणि काळोखात पावलं वाजत होती. टक्, घस. टक्, घस. शाळेच्या पटांगणात बसलेल्या सगळ्या करंजोशी गावानं पडद्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे वळवली.

माझा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. उजवा टेकतो, डावा मागून घासत येतो. गावातली कुत्रीसुद्धा मला आवाजावरून ओळखतात आणि भुंकायचे कष्ट घेत नाहीत.

"अगं मालन," माझ्याशेजारी बसलेली हौसाक्का मोठ्यानं म्हणाली, "ही तर तूच की! सिनेमात कवा गेलीस?"

हौसाक्काचं घर माझ्या घराला लागून. ऐंशी ओलांडली आहे, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. पटांगण हसलं. मीही हसले. पण या पावलांमागून कुणाची पावलं येणार हे तिथं मला एकटीलाच ठाऊक होतं.

ती आलीच. हलकी, अनवाणी, भरभर. मग पडद्यावर निळसर उजेड झाला आणि दोन बाया दिसल्या. चेहरे यंत्रानं बनवलेले, कुणाचेच नव्हेत. मला त्यांनी तिशीतली, टोकदार नाकाची केली होती. तेवढं एक मला आवडलं. दुसरी कोवळी पोर. दोघी अनोळखी, रात्रीच्या रस्त्यावर भेटतात आणि ओढ्यावरच्या मोरीच्या दगडी कठड्यावर बसतात. थोरली विचारते, "कुठं निघालीस एवढ्या रात्री?" पोर म्हणते, "जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं." दोघी बोलतात, रडतात, मग उभ्या राहून एकमेकींना मिठी मारतात, कितीतरी वेळ. मिठी सुटते तेव्हा पोरीला धीर आलेला असतो. तिचं पाऊल आता लांब पडतं, ठाम पडतं. लांबून दुधाचा टँकर येतो, थांबतो, पोर चढून जाते. थोरली एकटी घराकडे निघते. टक्, घस. फिल्म संपली.

बाया पदरानं डोळे पुसत होत्या. हौसाक्काला मात्र काही पटलं नव्हतं.

"मालन असं इचारायची न्हाई," ती म्हणाली. "निघालेल्या माणसाला कुठं म्हणून कोण इचारतं व्हय? लांब का, म्हणायचं. यंत्राला काय वळण न्हाई."

फिल्म बनवणारी केतकी वर्दे पुण्याची. तिच्या या छोट्या फिल्मला बरीच बक्षिसं मिळाली होती, आणि ज्या रस्त्यानं आपल्याला गोष्ट दिली त्या गावाला ती आधी दाखवायची राहून गेली म्हणून ती हौसेनं पडदा घेऊन आली होती. मुलगी सरळ होती. माईक हातात घेऊन तिनं सगळं समजावून सांगितलं.

आमच्या कोयना खोऱ्याला भूकंप नवा नाही. एकोणीसशे सदुसष्टचा मोठा झाला त्याला आता ऐंशी वर्षं होऊन गेली, हौसाक्का तेव्हा पाळण्यात होती. अलीकडे पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर खाली यायला लागले, तेव्हा सरकारनं रस्त्यांच्या कडेनं काचेची तार पुरली. फोनसाठी असते तसलीच, केसाएवढी बारीक. तिच्यात एका टोकानं उजेडाचे ठोके सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी त्या उजेडाचा कणभर अंश जागोजागून मागं परततो. जमीन हलली की तेवढ्या ठिकाणी तार जराशी ताणली जाते आणि तिथून परतणारा उजेड बदलतो. बदल कुठं झाला, किती झाला, हे टोकाला बसलेलं यंत्र टिपून ठेवतं. भिंतीला कान असतात म्हणतात. इथं अख्ख्या रस्त्याला कान फुटले.

दरड सुटायच्या आधी डोंगर कण्हतो, ते ऐकायला ही सोय. पण कानाला निवड नसते. डोंगर ऐकणारी तार ट्रक ऐकते, म्हैस ऐकते आणि माणूसही ऐकते. प्रत्येकाची चाल वेगळी, अंगठ्याच्या ठशासारखी. उभ्यानं केलेलं बोलणं काही जमिनीत उतरत नाही. पण मोरीवर ही तार कठड्याच्या दगडातून नेली आहे आणि त्या दोघी नेमक्या त्या कठड्यावर बसल्या. बसलेल्या माणसाचा आवाज हाडांतून दगडात जातो. शब्द कळत नाहीत. कोण बोललं, किती बोललं, कुठं हुंदका आला एवढंच कळतं, शेजारच्या घरातलं भांडण कळतं तसं.

"शब्द दुसऱ्या यंत्रानं भरले," केतकी म्हणाली. "एवढ्या अक्षरांचं वाक्य, या भागातली बाई, रात्रीची वेळ, समोर रडणारी मुलगी. अशा वेळी माणसं बहुतेक काय बोलतात? जे बहुतेक, ते यंत्र घालतं. पण पावलं अस्सल आहेत. तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर ही भेट झाली."

"हे समदं साठवून ठिवत्यात?" मागून एकानं विचारलं.

"तार पुरली त्या दिवसापासूनचं सगळं."

निम्म्या पटांगणाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावातले बरेच पुरुष आडरानातून हिंडायला लागले. एक जण तर थोरल्या भावाच्या चपला घालून बाहेर पडला आणि त्या न बसल्यामुळं पाय मुरगळून घरी आला. मला हसू येत होतं, पण फार वेळ नाही.

*

त्या रात्री खरं काय झालं ते असं.

मी शिवणकाम करते. शर्टांना काज करायचं मशीन तालुक्याला एकाच दुकानात आहे, म्हणून शाळेच्या गणवेशांचं गाठोडं घेऊन गेले होते. शेवटची एसटी आलीच नाही. एका जीपवाल्यानं डेअरीच्या फाट्यावर सोडलं आणि पुढं मी चालत निघाले. मोरीपाशी मागून पावलं आली. एक पोर माझ्या अंगावरून पुढं पळाली, ठेचकाळली आणि कठड्यावर बसली. अठरा-एकोणीसची असेल. अंगावर भारी साडी, निऱ्या मुठीत धरलेल्या, पायात काही नाही. पदर मानेभोवती घट्ट गुंडाळलेला.

"लांब का, पोरी?" मी विचारलं.

रडता रडता ती हसली. "माझी आजीबी असंच इचारायची," म्हणाली, आणि पदर सैल केला. मी बॅटरी मारली. मानेवर दोरीचा वळ होता.

"दादानं," ती म्हणाली.

कॉलेजातल्या एका मुलाशी ती बोलते हे घरी कळलं होतं. मुलाला मारून तालुका सोडायला लावला होता. त्या दिवशी तिला घाईघाईनं पाहुणे बघून गेले. ती नको म्हणाली, आणि पाहुणे गेल्यावर दोरी निघाली. मागच्या दाराला कशी कोण जाणे कडी लावलेली नव्हती, म्हणून ती सुटली. नाव ईश्वरी, डोंगरापलीकडच्या कोंडवळ्याची.

माझ्याकडे द्यायला काय होतं? गाठोडं होतं. त्यातला सगळ्यांत मोठा, दहावीतल्या पोराचा शर्ट आणि पँट काढून दिली. मोरीखाली जाऊन ती बदलून आली. पँट आखूड झाली. तिला उभी करून मी पायांची मोड उसवली. वाढत्या पोरांचे कपडे बेतून शिवले तर आया शिव्या घालतात, म्हणून मी आत नेहमी चार बोटं माया सोडते. ते कापड त्या रात्री उपयोगी पडलं. मग कात्रीनं वेणी कापली. यंत्राला काय कळलं, तर दोन बाया बराच वेळ एका जागी चिकटून उभ्या आहेत. त्यानं मिठी घातली. पोरीचं पाऊल नंतर लांब पडलं ते धीर आल्यामुळं नव्हे, साडीतून पाय सुटले म्हणून. धीर तर दोघींनाही नव्हता.

"ही साडी वढ्यात सोडा, मावशी," ती म्हणाली. "मी गेले म्हणून समजू दे त्यास्नी."

मी सोडली. मग टँकर आला. कुठं जाणार हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आठवड्यानं साडी धरणाच्या पाण्यात सापडली, कोंडवळ्यानं पोर बुडाली असं धरलं आणि रडून घेतलं. मी गप्प राहिले. तीन वर्षं सगळं ठीक होतं.

*

फिल्मनंतर चौथ्या का पाचव्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. तिशीचा माणूस उतरला, चपला बाहेर काढून आत आला आणि वाकून माझ्या पाया पडला.

"मी संग्राम. कोंडवळ्याचा. मावशी, तुम्ही त्या रात्री जिच्याशी बोलला ती माझी बहीण होती का?"

माणूस समोर आला की माझी नजर आधी मापाकडे जाते. छाती रुंद, मनगटं जाड, नखं स्वच्छ कापलेली. दोरी ओढणारे हात कसे असतात? चारचौघांच्या हातांसारखेच असतात.

"आई रडत नाही, बोलत नाही," तो म्हणाला. "साडी सापडली तेव्हापासून नुसती बसून असते. ईश्वरी जिवंत असेल तर मला तिला घरी आणायचीय. झालं गेलं विसरलो आम्ही."

आवाज इतका मऊ होता की क्षणभर मलाच वाटलं, माणूस बदलत असेल. मग तो पुढं म्हणाला, "कायद्यात सोय आहे. रक्ताच्या नातेवाइकानं अर्ज करायचा, आणि ही पावलं तिचीच असं बघणाऱ्यानं सांगायचं. मग राज्यात जिथं जिथं तार आहे तिथं ती चाल शोधतात. कुठंही असू दे, रस्त्यावर पाऊल टाकलं की सापडते. अर्ज मी केलाय. फक्त तुमच्या एका शब्दाचं काम आहे."

त्यानं माझ्या घराकडे एकदा नीट बघून घेतलं, दार किती, खिडक्या किती. मग पुन्हा पाया पडून गेला.

त्या रात्री हौसाक्का माझ्याकडे झोपायला आली होती. अंधारात म्हणाली, "चांगला वाटला पोरगा. पायाबिया पडला."

"जे वाकून पाया पडत्यात, ते वाकून पायसुद्धा ओढत्यात, आक्का."

"मंग ती तीच हुती म्हण की," हौसाक्का म्हणाली आणि कूस बदलून झोपली. तिनं परत तो विषय काढला नाही. मी मात्र छताकडे बघत पडून राहिले.

*

दोन दिवसांनी भर दुपारी मागच्या परसातून एक बाई आली. साडीला कुसळं लागलेली, पायांना काटे.

"रस्त्यानं न्हाई आले," ती म्हणाली. "रानातनं आले. रस्त्यानं आले असते तर संग्रामला कळलं असतं, असं आपलं मला वाटलं. मी सगुणा. ईश्वरीची आई."

मी पाणी दिलं. तिनं तांब्या हातात धरून ठेवला, प्याली नाही. तिचे डोळे कोरडे होते, फार दिवस पाऊस न बघितलेल्या तळ्यासारखे.

"त्या रात्री मागल्या दाराची कडी मीच काढून ठिवली हुती," ती एकदम म्हणाली. "कुनाला म्हाईत न्हाई. मीच तिला भाईर काढली, आन् मंग ती पाण्यात गेली. तीन वरसं मी हेच म्हणती, की माझ्या हातानं मी तिला पाण्यात लोटली. ताई, ती पाण्यात गेली न्हाई एवढं सांग. कुठं गेली ते सांगू नगं. दुसरं मला काय बी नगं."

काय सांगू, माझ्या जिभेवर आलं होतं. मी तोंडसुद्धा उघडलं. तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "एकदा लांबनं बघीन. दिसली न्हाई तरी चालंल. तिच्या नावानं एक दिवा लावीन देवापुढं."

तो दिवा मला दिसला. तीन वर्षं भिंतीला टेकून बसलेली बाई एका संध्याकाळी उठते, हात-पाय धुते आणि देवापुढं दिवा लावते. संग्राम जेवता जेवता मान वर करून बघतो. दुःख झाकायला बाईला कुणी शिकवावं लागत नाही. आनंद मात्र अंगावरून ओघळतो, भाकरी थापताना सुद्धा दिसतो. त्याला बाकी कशाची गरज नव्हती. आईच्या एका चेहऱ्यावरून त्यानं सगळं ओळखलं असतं, आणि मग माझ्या शब्दावाचूनही तो तिच्या मागावर निघाला असता.

"ती तुझी न्हवती, बाई," मी म्हणाले. "ऊसतोड टोळीतली पोर हुती. मोरीपल्याड त्यांच्या खोपी हुत्या त्या साली. बापानं मारलं म्हणून निघालेली."

सगुणानं हातातला तांब्या जमिनीवर ठेवला. "बरं," म्हणाली, आणि आली तशी रानातून गेली. मी दाराला धरून उभी राहिले. आयुष्यात मी कुणाचा कपडा बिघडवला नाही, आणि इथं एका आईला मी माझ्या तोंडानं मारून टाकलं होतं. खूप रडले त्या दिवशी.

*

तालुक्याच्या कचेरीत सुनावणी झाली. साहेबबाईंनी केतकीला बोलावलं होतं. तिनं भिंतीवर दोन चालींच्या रेघा दाखवल्या. एक माझी, तिरकी, कुणीही ओळखावी अशी. दुसरी हलकी, तरुण, अनवाणी. संग्राम पहिल्या रांगेत बसला होता, इस्त्रीच्या कपड्यांत. शेजारी सगुणा, खाली मान घालून.

"मालनताई, हिला तुम्ही ओळखलं का?" साहेबबाईंनी विचारलं.

"व्हय. ऊसतोड टोळीतली पोर. कोंडवळ्याची न्हवं."

"नक्की?"

"फोटो बघितला मी ह्यांच्या पोरीचा. ती गोरी, उंच. ही काळी, ठेंगणी. बोली बीडकडली."

यंत्राला रंग दिसत नाही आणि बोली कळत नाही. उंचीचं काय, ते केतकीला ठाऊक असणार; पावलांच्या लांबीवरून उंची निघते. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातली काठी रेघेवर थांबली होती. साहेबबाईंनी तिलाही विचारलं, हे जुळतं का? केतकीनं काठी खाली घेतली.

"उंची नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली. "साडी नेसलेली असेल तर पाऊल आखूडच पडतं."

अर्ज फेटाळला गेला. संग्रामच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

बाहेर केतकीनं मला गाठलं. "तुम्ही खोटं बोललात ना?"

"तू आधी बोललीस. माझ्या तोंडात 'कुठं निघालीस' घातलंस."

ती हसली नाही. ओठ चावत उभी राहिली. "मला वाटलं होतं दोन अनोळखी बायकांची सुंदर गोष्ट आहे. लोकांना रात्रीची भीती वाटते, त्यांना दाखवावं की रात्रीसुद्धा कुणी भेटतं. मी एकदाही विचार केला नाही की त्या दोघी खरंच कुठंतरी असतील."

"फिल्म मागं घेता येती का?"

"नाही, ताई. हजारो लोकांनी उतरवून घेतलीय."

"मंग निदान पुढली काढू नगंस," मी म्हणाले. तिनं मान हलवली. ती एसटी स्टँडपर्यंत माझ्यासोबत आली आणि सगळा वेळ स्वतःच्या पायांकडे बघत चालत होती.

*

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आमच्याकडे रीत आहे. पण संग्रामचं लग्न ठरत नव्हतं. बहिणीचं काय झालं, हे प्रत्येक सोयरा विचारायचा. आता कचेरीनं नाही म्हटल्यावर त्यानं ठरवून टाकलं, की ती पाण्यातच गेली. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला तिचे कपडे घालायचे, अग्नी द्यायचा आणि मोकळं व्हायचं.

एका सकाळी मोटारसायकल परत दारात आली. या वेळी मागं सगुणा होती. तिच्या मांडीवर मोरपंखी कापड आणि एक जुना, विटलेला ड्रेस.

"आईचा हट्ट," संग्राम दारातूनच म्हणाला. "कपडे तुमच्याकडंच शिवायचे म्हणते."

"कुनाच्या का पोरीला असंना, हिनं रातीची सोबत केली हुती," सगुणा म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्या पोरीचं शेवटचं कापड हिनंच शिवावं. ह्यो तिचा जुना ड्रेस मापाला. मोरपंखी तिला हवा हुता. म्या म्हणलं हुतं, दिवाळीला घिऊ."

मी टेप काढली. जुन्या ड्रेसला अजून कपाटाचा वास होता.

"बेतात शीव," ती म्हणाली. "माप तेच ठिव. आता कुठं वाढणार हाय ती."

संग्राम चौकटीला टेकून उभा होता. दारापुढून रस्ता, रस्त्याखालून तार. ती तार माझ्या घरातलं कुजबुजणं ऐकत नाही हे मला केतकीनं सांगितलं होतं, पण तो माणूस ऐकत होता. मी मापं घेतली आणि "परवा या" म्हणाले.

त्या रात्री मशीनवर बसले. जिवंत पोरीचे सरणावरचे कपडे शिवायचे. जिवंत तरी कशावरून? मला एवढंच ठाऊक होतं की ती त्या रात्री पाण्यात गेली नाही. पुढं तीन वर्षांत काय झालं असेल, देवाला माहीत. कात्री कापडावर टेकवून मी बराच वेळ बसून राहिले. त्या रात्रीही माझ्याकडेच झोपलेली हौसाक्का खाटेवरून म्हणाली, "मशीन का वाजंना गं?"

"भ्या वाटतंय, आक्का."

"मंग शीव. हात चालू असला की भ्या कमी वाटतंय."

मी कापड कापलं.

*

संग्रामनं आईला आत सोडलं आणि पुन्हा चौकटीत उभा राहिला, मोबाईलकडे बघत. मी घडी केलेला ड्रेस सगुणाच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उलगडला, हात फिरवला, आणि मग कुठलीही आई मुलांचा नवा कपडा हातात आल्यावर करते तेच केलं. आतली बाजू बाहेर काढून शिवण बघितली.

तिची बोटं बगलेपाशी थांबली. तिथून खाली कमरेपर्यंत गेली. दुसरी बाजू बघितली. सलवारीचा पाय उलटा केला. पायाशी चार बोटांची मोड, बाजूंना भरपूर जास्तीचं कापड, उसवलं तर अंगाला आणखी दोन वर्षं पुरावं असं. सरणावर जाणाऱ्या कपड्याला एवढं कापड कुणी आत सोडत नाही. बेतात शीव म्हणून सांगितल्यावर तर नाहीच नाही.

तिनं मान वर केली. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा काही ओवला जात नव्हता.

"पोरीचं अंग वाढतं," मी म्हणाले. संग्राम ऐकत होता, म्हणून पुढं जोडलं, "हाताला सवयच पडलीय माझ्या."

सगुणाच्या चेहऱ्यावर काहीतरी वर यायला लागलं. ज्याला मी घाबरत होते तेच. गाल थरथरले, ओठ फाकले, डोळ्यांत उजेड आला. आता हा वळून बघेल, माझ्या मनात आलं, आणि मी हे काय करून बसले.

आणि तिनं हंबरडा फोडला. तो मोरपंखी ड्रेस तोंडावर दाबून अशी ओरडून रडली की हौसाक्का पलीकडून काठी टेकत धावली. "माझी बाय गं! माझी सोन्यासारखी बाय!" ड्रेसच्या आड तिचा चेहरा कसा झाला होता ते कुणालाच दिसलं नाही. कापडाखालून तिचा एक हात माझ्या हातावर आला होता. त्यानं माझा हात घट्ट धरला, सोडला, परत धरला. रडणाऱ्या माणसाचा हात असा नसतो.

"रडू दे, मावशी," संग्राम म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. त्यानं खरंच डोळे पुसले. "तीन वर्षांनी रडली. मोकळी होऊ दे."

"व्हय रं," मी म्हणाले. "होऊ दे मोकळी."

ती रडतच उठली. ड्रेस छातीशी धरून ओटा उतरली आणि रस्त्यावरून मोटारसायकलपर्यंत चालत गेली, अडखळत, थांबत, परत रडत. आडरानातून नाही, सरळ रस्त्यावरून. पुढं गाडी लांब जाईपर्यंत तिचा आवाज येत होता.

खाली तारेनं ते सगळं टिपलं असणार. उद्या कुणी त्या सकाळची फिल्म काढली, तर यंत्र विचार करील, मेलेल्या पोरीचे कपडे घेऊन निघालेली आई बहुतेक कशानं रडते? आणि जे बहुतेक, तेच ते घालील. माझी त्याला काही हरकत नाही.